पाकिटातला गोडा मसाला संपला की परत आणू नका: कूट, तूप, मेतकूट, भाजणी आणि मसाला घरी कसा करायचा

मसाल्याच्या कपाटात मागच्या बाजूला रबर बँड लावलेली पाकिटं असतात ना, ती एकदा बाहेर काढून बघा. माझ्याकडे निघाले गोडा मसाला दोन (दोन्ही अर्धे), मेतकूट एक, धनेपूड एक आणि एक असं पाकीट की ज्यावरचं नाव तेलाच्या हातांनी पुसलं गेलेलं. वास घेतला तर सगळ्यांना एकच, लाकडाच्या भुशाचा. दोघांचं घर, दोघंही नोकरीवाले, आमटी आठवड्यातून दोनदा झाली तरी डोक्यावरून पाणी, मग १०० ग्रॅमचं पाकीट सहा महिने चालतं आणि त्यातला पहिला महिनाच काय तो चांगला. तेव्हापासून घरी करायला लागले, आता चारेक वर्षं झाली, काय करायचं आणि कशाच्या नादी लागायचं नाही हे बऱ्यापैकी कळलंय म्हणून लिहून ठेवतेय.

सगळंच घरी करायला गेलात तर रविवार त्यातच जातो आणि दोन महिन्यांत कंटाळून परत पाकिटांवर येता, मी आलेले. म्हणून आता हिशोब असा की दळल्यावर-कुटल्यावर ज्याचा वास उडतो किंवा जे खवट होतं तेवढंच घरी, तेही थोडं थोडं. धन्याचं बघा ना, धन्याचा वास म्हणजे त्याच्या आतलं उडून जाणारं तेल, दाणा अख्खा असतो तोवर ते आत कोंडलेलं राहतं, पूड केली की हवेला लागतं आणि दोन-तीन महिन्यांत वास मंदावतो. खोबरं, तीळ, शेंगदाणे यांचं तेल उडून जात नाही पण हवेने बिघडतं, तोच तो खवट वास. त्यामुळे अख्खं सामान आणून ठेवायचं आणि कुटायचं दीड-दोन महिन्यांपुरतं, बस.

सामान म्हणाल तर जाड बुडाची कढई, मिक्सरचं चटणीचं भांडं, बारीक चाळणी आणि कोरड्या काचेच्या बरण्या. कोरड्या म्हणजे खरंच कोरड्या, धुऊन पुसलेली बरणी चालत नाही, रात्रभर उपडी ठेवून सकाळी थोडं ऊन दाखवा नाहीतर पावसाळ्यात सगळी मेहनत बुरशीला जाईल.

दाण्याचं कूट

ज्यांनी कधीच काही केलं नाहीये त्यांनी इथून सुरू करा. अर्धा किलो शेंगदाणे आधी निवडायचे, काळे पडलेले, सुरकुतलेले, बुरशीचा जरासुद्धा संशय असलेले सरळ फेकायचे, इथे कंजूसपणा नको, शेंगदाण्यावरची बुरशी खरंच विषारी असते आणि भाजून जात नाही. मग मंद गॅसवर १५-२० मिनिटं, हलवत. मोठ्या गॅसवर साल काळं होतं आणि आत दाणा कच्चा राहतो, कच्च्या दाण्याचं कूट खिचडीत घातलं की तोंडात गिळगिळीत लागतं. एक दाणा काढून गार करून खा, कुरकुरीत लागला म्हणजे झालं, गरम असताना तो मऊच लागतो त्याला फसू नका. पूर्ण गार झाले की हाताने चोळून, फुंकून सालं काढायची (गॅलरीत करा, माझं ऐका) आणि मिक्सर चालू-बंद, चालू-बंद करत भरड कूट. सलग फिरवलंत की तेल सुटून लगदा होतो. फ्रीजमध्ये महिनाभर आरामात राहतं.

तूप

आता हे जरा सविस्तर सांगते कारण यात लोक सगळ्यात जास्त घाबरतात आणि सगळ्यात जास्त फायदा यातच आहे.

दूध कुठलं येतं ते आधी बघा. पिशवीवर होमोजिनाइज्ड लिहिलं असेल तर त्यातले स्निग्धांशाचे कण बारीक फोडून दुधात मिसळलेले असतात, ते वर येत नाहीत आणि साय पातळ धरते. मी वर्षभर सायीच्या नावाने रडत होते, कारण हे निघालं. फुल क्रीम दुधात साधारण ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये ३, त्यामुळे टोन्ड दुधावर तूप करायची स्वप्नं बघू नका. म्हशीचं सुटं दूध मिळत असेल तर प्रश्नच नाही.

दूध तापवलं की झाकण न लावता गार करायचं (झाकलंत की वाफेचं पाणी सायीवर पडतं), मग फ्रीजमध्ये पाच-सहा तास ठेवायचं आणि नंतर साय काढायची. नुसत्या गार झालेल्या दुधापेक्षा फ्रीजमधल्या दुधाची साय दुप्पट जाड येते असं मला तरी वाटतं. ती एका स्टीलच्या डब्यात, आणि डबा फ्रीजरमध्ये. खाली फ्रीजमध्ये ठेवायची असेल तर पहिल्याच दिवशी डब्यात चमचाभर दही घाला म्हणजे साय आंबट होईल पण कडवट होणार नाही. बिनदह्याची साय खाली वीस दिवस ठेवून मी एकदा तूप केलं, कढवताना अख्ख्या मजल्याला कळलं आमच्याकडे काहीतरी चाललंय, आणि ते तूप शेवटी दिव्याला गेलं.

आठ-दहा दिवसांची साय जमली की आदल्या दिवशी सकाळी डबा बाहेर काढायचा, रात्री साय कोमट करायची, बोट घालून चटका बसता कामा नये, आणि दोन चमचे ताजं दही नीट कालवून विरजण लावायचं. उन्हाळ्यात आठ तास पुष्कळ, थंडीत बारा लागतात. सकाळी लगेच घुसळायला घेऊ नका, तासभर फ्रीजमध्ये ठेवा, लोणी थंडीत धरतं, गरम सायीचं कितीही घुसळा ते चिकट पांढरं पाणीच राहतं. रवीने जमत असेल तर उत्तम, मी मिक्सरला व्हिपरचं पातं लावून करते. आधी ते फुगतं, क्रीमसारखं दिसतं, मग एका क्षणी आवाज बदलतो, मिक्सर एकदम हलका फिरायला लागतो आणि आत गोळे दिसतात. तेव्हा बर्फाचं पाणी घालायचं, अजून दोन गिरक्या, लोणी वर तरंगतं. उन्हाळा असेल तर बर्फाचे खडेच टाका.

खाली राहिलं ते ताक, खरं ताक, टाकू नका, कढी करा.

लोणी तीनदा गार पाण्याने धुवायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. ताक आत राहिलं तर तुपाला आंबूस वास येतो आणि बेरी जास्त धरते. मग जाड बुडाच्या भांड्यात, भांडं मोठं घ्या कारण फेस वर येतो, आधी मध्यम गॅस आणि वितळून फेस धरला की मंद. लोण्यात पाणी असतं, ते उडेपर्यंत तडतड आवाज येत राहतो, आणि मी तूप झालं की नाही हे कानानेच ठरवते. आवाज मंदावला, वरचा फेस बारीक झाला, खालचं दिसायला लागलं आणि तळाशी बेरी गुलाबीसर बदामी झाली की गॅस बंद. पूर्ण तपकिरी व्हायची वाट बघू नका, भांडं गरम असतं आणि बंद केल्यावरही रंग पुढे सरकतो. विड्याचं पान असेल तर बंद करायच्या आधी एक टाका, छान वास येतो. दहा मिनिटांनी गाळा आणि बरणी ओट्यावरच शांतपणे गार होऊ द्या, हलवाहलवी नको आणि लगेच फ्रीज तर अजिबात नको, हळू गार झालं की रवाळ होतं.

माझ्याकडे रोजचं एक लिटर म्हशीचं दूध, त्यावर आठ दिवसांत पाव किलोच्या आसपास तूप निघतं. बेरी उरते ती गरम असतानाच साखर घालून खायची, किंवा तिच्यात कणीक मळा, पोळी खुसखुशीत होते. ती वाटायची वेळ आली तर मात्र घरात भांडण ठरलेलं.

मेतकूट

मला विचाराल तर तापातून उठल्यावर मऊ भात, तूप आणि मेतकूट याला तोड नाही, आणि पाकिटातलं मेतकूट बहुतेक वेळा नुसतं हळद घातलेलं डाळीचं पीठ लागतं. एक वाटी हरभरा डाळ, अर्धी वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी गहू, मोठा चमचाभर धने, छोटा चमचा जिरे, अर्धा छोटा चमचा मोहरी, तेवढीच मेथी, पाच-सहा मिरे, दोन सुक्या मिरच्या. वरून घालायला छोटा चमचा हळद, तेवढीच सुंठपूड, हिंग आणि जायफळ किसून चिमूटभर. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं असतं, आमच्या आत्या गहू जास्त घालतात आणि मूगडाळही घालतात, तेही छान लागतं.

सगळं कोरडं भाजायचं, तेलाचा थेंबही नाही, आणि वेगवेगळं भाजायचं. हे वेगवेगळं भाजायचा कंटाळा मी एकदा केला, सगळं एकत्र कढईत, डाळ खमंग होईपर्यंत मेथी कोळसा झाली आणि अख्खी बरणी कडू. मेथी जेमतेम रंग बदलला की काढायची. डाळीचा दाणा दाताखाली कुटकन फुटला पाहिजे, कचकचला तर अजून कच्ची आहे. तांदूळ किंचित फुलतात, पांढरे होतात. मग ताटात पसरून पूर्ण गार, गरम दळलंत की वाफ धरते आणि गाठी होतात. मिक्सरमध्ये थोडं थोडं बारीक करा, चाळा, वर राहिलेला रवा परत फिरवा. मीठ आधी घालू नका, ते दमट हवेत पाणी ओढतं. दोन महिने छान राहतं, पण आमच्याकडे दह्यात कालवून वर फोडणी आणि कांदा घालून पण खातात त्यामुळे महिन्याच्या वर टिकल्याचं आठवत नाही.

भाजणी

थालीपिठाची भाजणी म्हणजे मेतकुटाचीच मोठी बहीण, फक्त इथे गिरणी लागते. ज्वारी २ वाट्या, बाजरी २, तांदूळ १, गहू १, हरभरा डाळ १, सालाचे काळे उडीद अर्धी वाटी, धने अर्धी वाटी, जिरे दोन मोठे चमचे, मेथी एक छोटा चमचा. प्रत्येक धान्य वेगळं, मंद गॅसवर, खमंग वास सुटेपर्यंत. वेळ जातो, पाऊण तास धरा, काहीतरी ऐकत करा. बाजरीचं कच्चं पीठ आठ-दहा दिवसांत कडू व्हायला लागतं, भाजल्यामुळे ते लांबतं, त्यामुळे बाजरी भाजताना घाई करू नका.

गिरणीत गेल्यावर दोन गोष्टी सांगायच्या, एक म्हणजे भरड ठेवा, फार बारीक नको, हाताला किंचित कणी लागली पाहिजे नाहीतर थालीपीठ चिकट होतं. दुसरं, आधी काय दळलंय ते विचारा. आधीच्या माणसाचं थोडं पीठ तुमच्या डब्यात येतंच येतं, ज्वारी असेल तर काही बिघडत नाही. मी एकदा उपवासाची भाजणी (साबुदाणा, वरी, राजगिरा, जिरे) घेऊन एका गिरणीत गेले आणि काही न विचारता दळून आणली, घरी येऊन बघते तर वरच्या थरात चांगली गव्हाची कणीक, एकादशीला ते थालीपीठ मीच खाल्लं, सासूबाईंनी हात लावला नाही. आता उपवासाची भाजणी मिक्सरलाच, थोडीशीच असते.

चकलीची भाजणी वेगळी हां, त्यात तांदूळ मुख्य असतो आणि ती बारीकच दळायची. थालीपिठाच्या भाजणीच्या चकल्या करून बघायचा आगाऊपणा करू नका, तेलात विरघळतात.

गोडा मसाला

आता मुख्य गोष्ट. काही घरांत यालाच काळा मसाला म्हणतात, काही घरांत काळा वेगळा आणि गोडा वेगळा, त्या वादात मी पडत नाही. कोल्हापूर-सातारकडचा कांदा-लसूण मसाला मात्र पूर्ण वेगळा प्रकार, तो इथे धरू नका. खाली दिलंय ते आमच्या घरचं, दोन-चार माणसांना दोन महिने पुरेल इतकं.

धने १ वाटी. किसलेलं सुकं खोबरं पाव वाटी. तीळ दोन मोठे चमचे, खसखस छोटा चमचा, जिरे मोठा चमचा, शहाजिरे छोटा चमचा, मिरे छोटा चमचा, लवंगा आठ-दहा, दालचिनीचे बोटाच्या पेराएवढे तीन तुकडे, तमालपत्र चार, मसाला वेलची दोन, बाद्यान एक, नागकेशर छोटा चमचा, सुक्या मिरच्या चार, हिंगाचा खडा हरभऱ्याएवढा, हळद अर्धा छोटा चमचा आणि दगडफूल छोटी मूठभर.

दगडफुलाला विसरू नका, ते नसेल तर हा मसाला धनेपुडीच्या पुढे जात नाही. नाव फूल असलं तरी ते फूल नाहीये, दगडांवर-झाडांच्या सालीवर वाढणारं लायकेन आहे, त्यामुळे त्यात माती, सालीचे तुकडे, कधी बारीक खडेसुद्धा असतात. एकेक तुकडा उघडून निवडायचा. पाण्याने धुतलंत तर दोन दिवस वाळवावं लागेल, मी नुसतं झटकते. कच्चं असताना त्याला काहीच वास नसतो, तुम्हाला वाटेल दुकानदाराने फसवलं, पण गरम तेलात पडलं की मसालेभाताचा वास इथूनच येतो हे कळतं.

कढईत छोटा चमचा तेल, आधी हिंगाचा खडा फुलवून काढा. मग त्याच तेलात लवंग, मिरे, दालचिनी, वेलची, बाद्यान, नागकेशर, लवंग फुगली की लगेच काढायचं. मग तमालपत्र आणि मिरच्या, मग दगडफूल, ते दहा-पंधरा सेकंदात होतं, नजर हटवू नका. थोडं तेल घालून धने, हे निवांत सात-आठ मिनिटं, रंग एक छटा गडद व्हायला हवा. जिरे-शहाजिरे शेवटी कारण कढई तापलेली असते, त्यांना अर्धं मिनिट पुष्कळ. तीळ, खसखस आणि खोबरं मात्र वेगळ्या कढईत कोरडे, खोबरं छान तपकिरी, मसाल्याचा रंग बराचसा त्याच्यावर ठरतो. एकही गोष्ट करपली तर ती टाकून द्या आणि परत घ्या, चार लवंगा वाचवायला जाऊन अख्खा मसाला जळकट करू नका.

सगळं गार झालं की आधी खडे मसाले आणि धने एकत्र बारीक करायचे, चाळायचे. तीळ, खसखस, खोबरं सगळ्यात शेवटी, तेही चालू-बंद करत, कारण त्यांना तेल सुटतं आणि आधीच घातलंत तर मिक्सरच्या तळाशी काळा चिकट थर बसतो जो चमच्याने खरवडत बसावं लागतं. नंतर हळद घालून सगळं हाताने एकत्र करा आणि लगेच वापरू नका, बरणीत दोन दिवस मुरू द्या, पहिल्या दिवशी लवंग वेगळी आणि धने वेगळे लागतात.

एक वाटी तुरीच्या डाळीच्या आमटीला छोटा चमचाभर पुरतो, ताजा आहे, पाकिटाच्या सवयीने दोन चमचे घातलेत तर आमटी औषधासारखी लागेल. चिंच-गूळ नेहमीसारखं. छोटी बरणी ओट्यावर, बाकीचा फ्रीजमध्ये, खोबरं असल्यामुळे.

किरकोळ

आलं-लसूण पेस्ट दोन आठवड्यांपुरती, मीठ आणि थोडं तेल घालून, फ्रीजमध्ये. जास्त असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. कधीकधी ती हिरवी-निळी पडते, घाबरू नका, लसणातल्या गंधकाच्या संयुगांमुळे होतं, खायला काही हरकत नाही. पण तेलात बुडवलेला कच्चा लसूण बाहेर ओट्यावर दिवसेंदिवस ठेवायचा नाही, हवा न मिळणाऱ्या जागी बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात आणि ते वासावरून कळत नाही.

चिंचेचा कोळ: चिंच गरम पाण्यात भिजवून, कोळून, गाळून, मीठ घालून दहा मिनिटं उकळा, फ्रीजमध्ये महिनाभर. रोज संध्याकाळी चिंच भिजवायची आठवण ठेवणं सुटलं हेच माझ्यासाठी खूप आहे.

पिठीसाखर लागेल तेव्हा लागेल तेवढीच, दोन वेलदोडे टाकून.

आणि कशाच्या नादी लागायचं नाही

लाल तिखट मी घरी मिक्सरवर करत नाही. एकदा केलं, बंद फ्लॅटमध्ये, आम्ही दोघं आणि समोरचे काका एकाच तालात खोकत होतो. मार्च-एप्रिलमध्ये मिरच्या घ्या, रंगाला ब्याडगी आणि तिखटपणाला गुंटूर किंवा लवंगी, साधारण तीनास एक, देठं काढून दोन दिवस कडक उन्हात वाळवा आणि कांडपावर देऊन या, पावसाच्या आधी. हळद पण तशीच, हळकुंडं घरच्या मिक्सरला झेपत नाहीत, पातं जातं. तेल, पोहे, रवा, साबुदाणा, यात घरी करून काही हाती लागत नाही. आमसूल कोकणात अंगण असेल तर करा, रस परत परत चोळून वाळवायचं काम आहे ते, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कबुतरांच्या देखरेखीखाली होत नाही, आणि गावाहून येतं त्याची सर पण येत नाही.

हिंग तर विकतच, पण बघून घ्या. डबीतल्या पुडीत हिंग थोडा आणि गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ नि डिंक बराच असतो, डबीवर लिहिलेलं असतं, ज्यांना गहू चालत नाही त्यांनी तर वाचायलाच हवं. मी खडा हिंग आणते, थोडासा तुपात फुलवून कुटून ठेवते, चिमटीच्या निम्मा पुरतो. डबी मात्र फिरकीच्या घट्ट झाकणाची घ्या आणि साखरेच्या डब्यापासून लांब ठेवा, आमच्याकडे आठवडाभर चहाला हिंगाचा वास येत होता आणि मी आपली दूधवाल्याला विचारतेय की भाऊ, म्हशीला काय खायला घालताय.